इंग्लंडातली पाल्याची बिअर, तांड्यावरची हातभट्टी आणि आपली सतरावी प्रतिज्ञा



गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या वाचनवर्गात बावीस प्रतिज्ञा चालू होत्या. सतराव्या प्रतिज्ञेवर आलो, दारू न पिण्याच्या, तेव्हा मागच्या रांगेतला एक पोरगा उठला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वाचतो भरपूर, भांडतो त्याहून जास्त. मोबाईल पुढे करून म्हणाला, "ताई, हे बघा आधी."

इंग्लंडातला व्हिडिओ. एक जोडपं हातात रबरी मोजे घालून ओढ्याकाठचा पाला कापतंय. नेटल नावाचं झुडूप, अंगाला लागलं की आग आग होते. आपल्याकडं हिमालयाच्या बाजूला त्याच्या भावंडाला बिच्छू घास म्हणतात. तर तो पाला उकळला, गाळला, साखर आणि लिंबू घातलं, यीस्ट टाकलं आणि आठवड्याभरात घरची बिअर तयार. बाई हसून सांगते की ही माझ्या आजीची पद्धत. खाली हजारो लाइक.

पोरगा म्हणाला, "तेबी रानातनं पाला आणून घरीच दारू करतेत. त्यांना लाइक, आणि मुळेगाव तांड्यावरच्या बाईला अटक. मग आपण हातभट्टीला आपला वारसा का म्हणायचं नाही? दारू सोडा, दारू सोडा, हे बामणी संस्कारच झाले की."

अर्ध्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी, जी सहसा तोंड उघडत नाही, मागं वळून एवढंच म्हणाली, "माझ्या घरी ये रात्री. वारसा दाखवते."

टाळ्या बंद झाल्या. त्या दिवशी मला दोघांनाही नीट उत्तर देता आलं नाही. दोघंही खरं बोलत होते, आणि आपल्या चळवळीत या दोन खऱ्या गोष्टी एकाच वेळी हातात धरायची सवय आपण हळूहळू घालवत चाललो आहोत. एक गट दारूला 'बहुजन संस्कृती' म्हणून मिरवायला लागलाय. दुसरा गट तांड्यावर पोलिसांची धाड पडली की बातमी शेअर करून टाळ्या वाजवतो. माझं भांडण दोघांशी आहे.

आधी त्या पोराच्या बाजूनं बोलते, कारण त्याचा राग बरोबर जागी लागलेला आहे.

इंग्लंडातसुद्धा घरी बिअर करायला एकेकाळी परवाना लागायचा. 1880 साली तसा कायदा झाला आणि 1963 साली परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत हीच गोष्ट 1978 मध्ये कायद्यानं मोकळी झाली. आता एक फरक इथंच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी मला त्यावर पकडेल. पाला किंवा धान्य आंबवून केलेली बिअर वेगळी आणि आंबवलेलं द्रावण भट्टीवर चढवून, वाफ थंड करून काढलेली दारू वेगळी. घरी भट्टी लावून दारू गाळणं इंग्लंडातही परवान्याशिवाय गुन्हाच आहे. म्हणजे पोराची तुलना नव्वद टक्के बसते, शंभर टक्के नाही.

पण आपल्याकडं हा फरकसुद्धा कायदा करत नाही. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, तो परवान्याशिवाय कुठलंही मद्य बनवण्याला गुन्हा मानतो. बिअर असो, ताडी असो, गाळलेली दारू असो. म्हणजे पुण्यामुंबईत हौस म्हणून घरात बादलीभर बिअर लावणारे, नाताळाला द्राक्षं आंबवणारे, मध आंबवून मित्रांना पाजणारे, हे सगळे आणि आमच्या तांड्यावरची बाई एकाच कायद्याच्या कक्षेत येतात. यातल्या कुणाच्या दारात पहाटे चार वाजता जीप जाते? कुणाची पिंपं कुऱ्हाडीनं फोडून, रसायन नाल्यात ओतून, फोटो काढून पेपरला दिला जातो? सोलापुरात पेपर वाचणाऱ्या माणसाला हे सांगायची गरज नाही. 'इतके हजार लिटर गूळमिश्रित रसायन नष्ट' ही ओळ आपण लहानपणापासून वाचत आलोय.

गंमत अशी की याच कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू प्यायलासुद्धा परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना, देशीला दोन रुपये आणि विदेशीला पाच रुपये. 'परमिट रूम' हे नाव तिथूनच आलं. आयुष्यात कुणाला परमिट विचारलेलं मी पाहिलं नाही. एसी लावून बसलेल्या हजार माणसांनी कायदा मोडला तर ती संध्याकाळ, आणि एका बाईनं मोडला तर ती गुन्हेगार.

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्हाला शिकवलं की एखादं कृत्य स्वतःहून गुन्हा नसतं, समाजातला ताकदवान गट त्याला गुन्हा ठरवतो. वर्गात ते वाक्य कोरडं वाटायचं. सोलापुरात राहून त्याला पत्ता मिळतो. तो पत्ता म्हणजे सेटलमेंट फ्री कॉलनी. रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं तरी तो बरोबर नेतो. पण तिथल्या नव्या पोरांना विचारा, सेटलमेंट म्हणजे काय, अर्ध्यांना सांगता येत नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मानंच चोर ठरवलेल्या माणसांना तारेच्या कुंपणात ठेवण्याची ती जागा. मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, आणि गिरण्यांना स्वस्तात हात पुरवायचे. 31 ऑगस्ट 1952 ला देशभरात तो कायदा गेला आणि माणसं 'विमुक्त' झाली. त्यांना जमीन दिली नाही. त्यांचे फिरते धंदे आधीच मोडले होते, पण त्यांच्याबद्दलचा संशय मात्र पोलिसांच्या वहीत तसाच राहिला.

आणि त्या वेळी इथं आधीच दारूबंदी लागू झालेली होती. म्हणजे एका हातानं 'तू आता जन्मानं गुन्हेगार नाहीस' म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं पोटापुरता एकच धंदा उरेल अशी व्यवस्था करून त्या धंद्याला गुन्हा म्हणायचं. गुन्हेगार जमाती कायदा मागच्या दारानं परत आला, असं मी म्हणते ते याच अर्थानं.

रानातून गोळा करण्याची गोष्ट तर याहून जुनी आहे. इंग्रजांनी 1878 चा अबकारी कायदा आणला, गावोगावची गाळप बंद पाडली आणि मक्तेदारांना ठेके दिले. तरी ठाणे-कुलाब्याचे आदिवासी मोहाची फुलं वेचून घरी गाळतच होते, म्हणून 1892 साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला. फूल जवळ बाळगणं गुन्हा. झाडाखाली पडलेलं फूल! आदिवासीला दारूची वाईट सवय आहे, असं कारण पुढं केलं जात होतं, आणि खरं दुखणं होतं ठेकेदाराचा गल्ला आणि सरकारची वसुली. स्वतंत्र महाराष्ट्रातही मोहाची फुलं गोळा करायला, साठवायला, वाहून न्यायला कागद लागत राहिले. ती बंधनं उठवायला 2021 साल उजाडलं.

आता मोहाचे दिवस पालटलेत म्हणे. मध्य प्रदेश सरकारनं मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणायचं ठरवलं तेही 2021 मध्येच. गोव्यात एका कंपनीनं त्याआधीच मोहाची देखणी बाटली बाजारात आणली होती. मोठ्या शहरांच्या हॉटेलांत ती मिळते, सोबत जंगलाची गोष्ट छापलेली असते. फूल तेच. वेचणारी बाईसुद्धा तीच. ती स्वतः गाळते तेव्हा पंचनामा होतो, आणि तिच्याकडून किलोच्या भावानं घेऊन दुसरा गाळतो तेव्हा वारसा होतो.

आपल्या जिल्ह्याचं बघा. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपण. कारखान्याच्या मळीपासून स्पिरिट आणि त्यापासून देशी दारू, रंगीत लेबल लावून, सरकारच्या शिक्क्यासह. तांड्यावर काळा गूळ, नवसागर, बाभळीची साल. उसाचाच एक रस्ता कारखान्याच्या गेटातून जातो, दुसरा माळावरच्या खड्ड्यातून. पहिल्या रस्त्यावर चेअरमन उभा असतो, त्याला सहकारमहर्षी म्हणतात. 2001 साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणून राज्यानं वाईनला अबकारी करात सूट दिली. 2007 साली धान्यापासून मद्य करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण आलं आणि लाभार्थ्यांत राजकीय घराण्यांची नावं निघाली, तेव्हा बरीच बोंब झाली. ज्वारीची दारू! मंगळवेढ्याच्या ज्वारीवर जगणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला हे ऐकून काय वाटायचं ते वाटो. मुद्दा एवढाच की राज्य दारूच्या विरोधात कधीच नव्हतं. दारू कुणाच्या हातची, यावर सगळं ठरत आलं.

इथपर्यंत तो पोरगा माझ्याशी सहमत असेल. टाळ्याही वाजवेल. आता त्यानं थांबून ऐकावं.

एखाद्या गोष्टीला गुन्हा ठरवण्यात अन्याय झाला, म्हणून ती गोष्ट आपला वारसा होत नाही. मेलेली गुरं ओढण्याचं काम आपल्यावर लादलं, त्यावरून आपल्याला हिणवलं. बाबासाहेबांनी काय सांगितलं? हे आपलं परंपरागत कौशल्य आहे, ते जपा, असं सांगितलं का? सोडा म्हणून सांगितलं. पोटाला चिमटा बसला तरी सोडा. ज्या गोष्टीनं आपल्याला बांधून ठेवलं ती गोष्ट आपल्या हातानं गळ्यात घालून मिरवायची, याला विद्रोह म्हणायची नवी फॅशन आहे. तिकडचे विद्यापीठातले विद्वान त्याला छान छान शब्द देतात. त्यांचं काय जातंय? त्यांच्या आईनं पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटावर उभं राहून नवऱ्याचं पाकीट वाचवलेलं नसतं.

माझ्या आजीनं वाचवलंय. आजोबा गिरणीत बदली कामगार. धम्मदीक्षा घेतलेला माणूस, घरात बुद्धवंदना चुकायची नाही, आणि आठवड्याला एकदा प्रतिज्ञा मोडायची तीही चुकायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून रडायचे, असं आजी सांगायची. मी त्यांच्यावर हसत नाही आणि त्यांना माफही करत नाही. आजी शेजारच्या विडी कामगार बायकांबरोबर रात्री विड्या वळायची, ते हजारी विड्यांचे पैसे तिनं पिठाच्या डब्यात खाली लपवलेले असायचे. माझी फी त्या डब्यातून गेली. पुढच्या रांगेतल्या मुलीनं 'वारसा दाखवते' म्हटलं तेव्हा मला तो डबा दिसला.

'दारू सोडा म्हणजे बामणीकरण' या वाक्याचा हिशेब करू. श्रीनिवासांनी संस्कृतीकरणाची कल्पना मांडली, त्यात खालच्या जातीनं दारू-मांस सोडून वरच्या जातीची नक्कल करणं हे मोठं लक्षण धरलंय. ठीक. पण वैदिक वाङ्मयात सोम आहे, सुरा आहे. बाबासाहेबांनी हिंदू धर्मातल्या कोड्यांवर लिहिताना आर्यांच्या मद्यपानावर आणि खुद्द राम-कृष्णांच्या पिण्यावर बोट ठेवलंय. मग दारू न पिणं ही ब्राह्मणांची मक्तेदारी कधी झाली? पंचशीलातलं पाचवं शील बुद्धानं दिलं. आणि त्याचं कारण शुद्धी-अशुद्धी नाही, विटाळ नाही, तर 'पमाद', म्हणजे बेसावधपणा. नशेत माणूस सावध राहत नाही. ज्याला रोज कुणीतरी लुटायला टपलेलं आहे त्याला बेसावध राहणं परवडत नाही, इतकं ते साधं आहे.

त्या शीलातले दोन शब्द मुद्दाम बघा: सुरा आणि मेरय. पाली अट्ठकथांमध्ये सुरा म्हणजे पीठ, भात, किण्व यांपासूनची, आणि मेरय म्हणजे फुलं, फळं, मध, गूळ यांच्या आसवांपासूनची, असा फरक सांगितलाय. फुलाची आली, गुळाची आली. म्हणजे 'रानातली आहे, नैसर्गिक आहे, घरची आहे' ही पळवाट दोन हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी काढून पाहिली असणार.

आणि दारू सोडणं हे मालकाची नक्कल करणं नसून मालकाच्या गल्ल्यावर घाव घालणं असू शकतं, हेही इतिहासात घडलंय. 1922 च्या सुमारास दक्षिण गुजरातेत आणि आसपासच्या भागात आदिवासींमध्ये देवीची चळवळ पसरली. किनाऱ्याकडून सुरू झाली आणि डोंगरात शिरली. देवी अंगात येऊन सांगायची, दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूच्या ठेकेदाराकडं मजुरीला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांनी त्यावर आख्खं पुस्तक लिहिलंय. ठेकेदार हवालदिल झाले. ज्याच्या गुत्त्यावर उधारीत माणूस बुडायचा आणि मग त्याच्याच शेतावर राबायचा, त्याचं जाळं एका नकारानं फाटायला लागलं. महात्मा फुल्यांनी 1880 साली पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठवला, तोही याच परंपरेतला.

आता दुसऱ्या गटाकडं वळते. धाडीची बातमी शेअर करणारे. यात आपले काही ज्येष्ठ कार्यकर्तेही आहेत, मला त्यांचा राग येणार हे माहीत आहे.

बाबासाहेबांनी डिसेंबर 1927 मध्ये महाडला बायकांपुढं बोलताना सांगितलं की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. ही आपली भाषा. चूल आपली, भाकरी आपली, नकार आपला. पोलीस कुठं आले यात? आणि त्याच बाबासाहेबांनी 1951 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला काय म्हटलं, हे किती जणांनी वाचलंय? निव्वळ वेडेपणा म्हटलं. त्यांचं म्हणणं होतं की बंदीमुळं दारू गाळणं हा घरगुती धंदा झाला. पूर्वी पुरुष प्यायचे, आता घरातच गाळप होत असल्यानं बायकापोरंही त्यात ओढली जातात. गुन्हे वाढले आणि सरकारचा महसूल बुडाला, तोच महसूल शिक्षणाला लावता आला असता.

त्याच्याही आधी, 1927 च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात, त्यांनी सरकारला हिशेब विचारला होता: माणशी अबकारीचं उत्पन्न दोन रुपयांहून जास्त गोळा करता आणि माणशी शिक्षणावर चौदा आणे खर्च करता, हा कुठला न्याय? दारूकडं बघताना या माणसाच्या डोळ्यासमोर कायम शाळा होती. ज्यानं दारूबंदीला वेडेपणा म्हटलं त्यानंच पाच वर्षांनी नागपुरात लाखो लोकांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती शोधणाऱ्यांना प्रतिज्ञा आणि पंचनामा यातला फरक कळलेला नाही. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो, ताठ मानेनं. पंचनामा त्याच्यावर केला जातो, मान खाली घालायला लावून.

सत्तर वर्षांनी काय दिसलं? चंद्रपूरला 2015 मध्ये दारूबंदी झाली, 2021 मध्ये उठवली. उठवताना सरकारनंच सांगितलं की अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली, बायका आणि मुलं त्या धंद्यात ओढली गेली. हे 1951 च्या जाहीरनाम्यात लिहून ठेवलेलं होतं. मी बंदी उठवण्याचं कौतुक करत नाही. तिथल्या ज्या बायका बंदीसाठी चालत मोर्चाला गेल्या त्यांचं दुःख खरं आहे. पण धंदा बायकांच्या डोक्यावरून बायकांच्याच डोक्यावर फिरला, हे त्यांनाही कबूल असेल.

'पण हातभट्टीनं माणसं मरतात' असं कुणी म्हणेल. मरतात. रोज थोडी थोडी तर मरतातच. पण जून 2015 मध्ये मालवणीत शंभरहून अधिक माणसं एका फटक्यात गेली ती मिथेनॉलनं, आणि मिथेनॉल हे कारखान्यात लागणारं रसायन आहे, झोपडीत तयार होत नाही. ते कुठून तरी ड्रमनं निघतं, कुणाच्या तरी टेम्पोतून येतं, कुणाच्या तरी हप्त्यावर नाके ओलांडतं. साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला पिशवी विकणारी बाई बसलेली असते, आणि फोटोत तीच सगळ्यात आधी येते.

मी मुळेगाव तांड्यावर आणि आसपास कामानिमित्त जाते. एका घरातल्या मावशींनी, बंजारा आहेत, मला एकदा सरळ विचारलं, "तू भट्टी बंद कर म्हणतीस, कर्ज कोण फेडणार? पोरीची फी तू भरतीस का?" त्यांच्या नावावर तीन केसेस. तारखेला जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, वकिलाचे पैसे गेले, आणि ते पैसे कुठून येणार? भट्टीतूनच. म्हणजे केस धंदा बंद पाडत नाही, केसच धंदा चालू ठेवते. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

म्हणून 2021 साली सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या तेव्हाच्या अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं, त्याला मी नुसतं पोलिसी काम म्हणून उडवून लावणार नाही. धाड टाकण्याबरोबर 'मग हे सोडून काय करशील' हा प्रश्न त्यांनी विचारला. अधिकाऱ्यांनी तांडे वाटून घेतले, बायकांना शिवणकाम, मण्यांच्या माळा असे पर्याय समोर ठेवले, माणसांशी बसून बोलले. इतक्या वर्षांत तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पण मला त्यात एक गोष्ट खुपते. पुनर्वसन हे पोलीस खात्याचं काम कसं काय? समाजकल्याण कुठं होतं, विमुक्त-भटक्यांचं महामंडळ कुठं होतं, बँका कुठं होत्या? विमुक्त माणसाचा राज्याशी संबंध आजही ठाण्यातूनच सुरू व्हावा, चांगल्यासाठीसुद्धा, ही 1871 ची सावली आहे. अधिकाऱ्याची बदली होते. महामंडळाची होत नाही, ते आपल्या जागी निवांत बसून असतं.

बाबासाहेब 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे सदस्य होते. दलित आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी ती समिती, आणि अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार पाहिलेले अधिकारी. सांगायचं हे की तांड्याचा, पालाचा, सेटलमेंटचा प्रश्न 'त्यांचा' आणि आपला वेगळा, ही वाटणी बाबासाहेबांच्या कामात नाही. ती आपण केली. आपल्या वस्तीत दारू येते म्हणून तांड्यावर धाड मागायला आपण निवेदन देतो. आणि वस्तीच्या तोंडाशी परवानाधारक देशी दारूचं दुकान असतं, त्याच्याबद्दल निवेदन निघत नाही. का निघत नाही ते तुम्हालाही माहीत आहे. जयंतीच्या बॅनरवर शुभेच्छुक म्हणून कोणाचे फोटो असतात ते एकदा नीट वाचा. बार मालकाच्या वर्गणीवर डीजे लावायचा, त्याच्यापुढं प्यालेली पोरं नाचवायची आणि दुसऱ्या दिवशी लमाण्यांच्या बायकांना दारूवाल्या म्हणायचं. पेपरातल्या फोटोतली ती बाई कुणाची तरी आजी आहे, पिठाच्या डब्यात पैसे लपवणारी.

परवानाधारक दुकानाविरुद्ध तर कायदेशीर हत्यार आपल्या हातात आहे. 'आडवी बाटली' आठवते का? गावातल्या, वॉर्डातल्या बायकांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं आणि नोंदणी झालेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. नोंदणी झालेल्यांच्या निम्मं, झालेल्या मतदानाच्या नाही, ही अट मुद्दाम जड ठेवलीय. तरीही राज्यात बायकांनी कित्येक ठिकाणी दुकानं बंद पाडली आहेत. यासाठी घरोघर फिरावं लागतं, मतदार यादी घेऊन बसावं लागतं, दुकानदाराच्या माणसांचे डोळे झेलावे लागतात. धाडीची बातमी शेअर करण्याइतकं ते सोपं नाही.

पुढच्या रविवारी मी वर्गात या विषयावर परत बोलले. तो पोरगा म्हणाला, "म्हणजे ताई, प्यायचंबी नाही, आणि पकडूबी द्यायचं नाही?" मी म्हटलं, बरोबर, आणि विकायला लागू नये अशी सोय मागायची, ते राहिलं. तो हसला, पण पटलंय असं तोंडावर तरी दिसलं नाही. पुढच्या रांगेतली मुलगी त्या दिवशी आली नव्हती.

शनिवारी आम्ही पाच-सहा जण तांड्यावर जाणार आहोत. त्या मावशींची मुलगी यंदा बारावीला आहे, जातीचा दाखला नाही. विमुक्त जातीच्या दाखल्याला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा महाराष्ट्रातला पुरावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे तांडा घेऊन फिरत होते त्यांच्याकडं 1961 चा कागद मागतात. पणजोबांचं नाव कुठल्या तरी शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये असेल, असं त्यांच्या चुलत्यांचं म्हणणं आहे. अक्कलकोटकडचं गाव आहे. त्या पोराची मोटारसायकल आहे, त्याला मी बरोबर यायला सांगितलंय.